शेअर घ्यावा की म्युच्युअल फंड?



कारेगावच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगा रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहे. म्हणतो, आई, पाच हजारांचे शेअर घे. घेऊ का?" प्रश्न अनेकींचा आहे, म्हणून उत्तर इथे देते.

शेअर म्हणजे एका कंपनीतला छोटा वाटा. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच आजची विप्रो. तिथल्या ज्या कुटुंबांनी तिचे शेअर वर्षानुवर्षं जपले, त्यांचं भलं झालं. पण सत्यम कंपनीचंही ऐका. 7 जानेवारी 2009 ला अध्यक्षांनीच हिशेबातला घोटाळा कबूल केला आणि 179 रुपयांचा शेअर एका दिवसात 40 वर आला. पाच हजारांचे अकराशे! कोणती कंपनी विप्रो होईल आणि कोणती सत्यम, हे आधी कळत नाही.

म्युच्युअल फंड आपल्या गटासारखा. सगळ्यांचे पैसे एकत्र येतात आणि अनेक कंपन्यांत विभागले जातात. एक बुडाली तरी सगळं बुडत नाही. फरक एवढाच, की इथे व्याज ठरलेलं नसतं. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे बाजार एक तृतीयांशाहून जास्त पडला, नोव्हेंबरात सावरला. ज्यांना मधेच पैसे लागले, त्यांचं नुकसान झालं.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. आधी कर्ज फेडा. शेकडा 2 म्हणजे वर्षाला 24 टक्के.
2. तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात ठेवा.
3. पाच-सात वर्षं लागणार नाहीत अशाच पैशांतून फंडात दरमहा 500 रुपयांची एसआयपी करा.
4. शेअर घ्यायचाच, तर बुडाला तरी घर हलणार नाही एवढ्याच पैशांचा. खातं स्वतःच्या नावावर, ओटीपी कुणालाच नाही.

गटाची बचत यात अजिबात घालायची नाही. "महिन्यात दुप्पट" असा मेसेज आला, तर सेबीच्या 1800 266 7575 या मोफत क्रमांकावर विचारा.

त्या ताईंवर गटाचं दहा हजारांचं कर्ज होतं, शेकडा 2 नं. पाच हजार तिथे भरले, तर वर्षाचे बाराशे रुपये व्याज नक्की वाचतं. तेच करायचं ठरलं.

पुढच्या बैठकीला येताना लिहून आणा: कर्ज किती, व्याज किती, महिन्याला हातात उरतं किती?