करारनाम्यातील कार्यपद्धती-अभ्यासाची कलमे आणि शेऱ्याचा रकाना



शाळेच्या नव्या खोलीचे काम मंजूर झाले म्हणजे करारनाम्यापूर्वी काय काय घडते, हे आपणांपैकी बहुतेकांनी जवळून पाहिले आहे. अभियंता जागेवर येतो. जमीन काळी आहे की मुरमाड आहे हे समजण्यासाठी खड्डा घेऊन पाहतो. त्यानंतर नकाशा व अंदाजपत्रक तयार होते, आणि मगच ठेकेदाराशी करार होतो. काम चालू असता मोजमाप पुस्तकात नोंदी होतात. भिंत तिरपी उठली तर ती गवंडीकाम न जाणणाऱ्या माणसाच्याही डोळ्यांत भरते.

हजेरी, वेतन देयके, शालेय पोषण आहाराचा हिशेब, विद्यार्थ्यांची माहिती ही कामे आता संगणकावर आली आहेत. 'शालार्थ', 'सरल', 'यू-डायस प्लस' ही नावे आपल्या परिचयाची आहेत. अशी कोणतीही मोठी प्रणाली बाहेरच्या संस्थेकडून करवून घ्यावयाची, तर तीही एखाद्या करारनाम्याने होते. परंतु येथे भिंत डोळ्यांना दिसत नाही, मग तिचा तिरपेपणा कोठून दिसणार? म्हणून येथे पायाच्या खड्ड्याचे महत्त्व इमारतीपेक्षाही अधिक असते. आज जे काम चालते ते कोण करतो, कोणत्या नोंदवहीत करतो, त्यात अडचण आली म्हणजे काय करतो, याची जागेवर जाऊन पाहणी करणे, हाच येथील खड्डा होय. या पाहणीस प्रणाली-विश्लेषण असे म्हणतात, आणि ती कोणी, केव्हा व कशी करावयाची हे सांगणारी करारातील कलमे हा आजच्या पाठाचा विषय आहे.

चांगल्या करारात ही कलमे एकमेकांत गुंफलेली असतात. प्रथम चालू कामाचा अभ्यास आणि त्यावरून तयार झालेले गरजपत्रक. हे गरजपत्रक, ज्यांना ते काम प्रत्यक्ष करावयाचे आहे त्यांना दाखवून, उभय पक्षांच्या सहीने कायम व्हावे लागते. पुढे त्यावरून केलेली रचना काम देणाऱ्यास तपासण्याचा हक्क असतो. तयार प्रणाली गरजपत्रकाशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारावयाची नसते. मध्येच बदल सुचला तर तो कोणत्या रीतीने व कोणाच्या खर्चाने व्हावा, हेही लिहिलेले असते. आणखी एक कलम बहुधा शेवटी, जणू अनवधानाने, घातले जाते. पुढे कोणी नोंदीविषयी तक्रार केली, तर प्रणालीच्या पोटातील मूळ नोंद कोणास, किती दिवसांत व किती खर्चात मिळेल, याविषयीचे ते कलम. माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम तेच.

ही कलमे कच्ची राहिली म्हणजे काय होते, हे कळण्यासाठी इंग्लंडातील टपाल खात्याचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील बहुतेक टपालघरे आपल्या ग्रामीण शाखा डाकघरांसारखीच लहान. गावातील एखादा दुकानदार आपल्याच जागेत टपालाचे टेबल चालवितो. तिकिटे विकणे, निवृत्तिवेतन व भत्ते वाटणे आणि हिशेब जुळविणे ही त्याची कामे. तो खात्याचा पगारी नोकर नव्हे. कराराने बांधलेला गावचा पोस्टमास्तर होय.

मे १९९६ मध्ये अशा सुमारे १९ हजार टपालघरांच्या टेबलांवर संगणक बसविण्याचा करार झाला. करारात पक्ष तीन होते. भत्ते देणारी सरकारी संस्था, टपालघरे चालविणारी कंपनी, आणि काम घेणारी 'आयसीएल पाथवे' ही कंपनी. ही कंपनी जपानच्या 'फुजित्सु' उद्योगसमूहाची होती. भत्त्यांच्या पुस्तिका जाऊन त्या जागी कार्ड यावे आणि त्यातील लबाडी थांबावी, हा मूळ हेतू. करार खाजगी भांडवलाच्या पद्धतीने झाला. म्हणजे प्रणाली उभारण्याचा खर्च कंपनीने करावयाचा, आणि काम सुरू झाल्यावर व्यवहारागणिक मोबदला घ्यावयाचा. जोखीम कंपनीची, म्हणून रचना कशी करावी हाही प्रश्न तिचाच, असे या पद्धतीचे तर्कशास्त्र होते. परिणामी सही झाली तेव्हा अनेक गरजा 'पुढे ठरवू' या सदरात राहिल्या होत्या. टपाल कंपनीच्या तज्ज्ञांनी रचनेची कागदपत्रे पाहावयास मागितली, तेव्हा ती त्यांना दाखविली गेली नाहीत. पायाचा खड्डा अर्धवट राहिला, आणि घर बांधणारा मालकास आत येऊ देईना, अशी ही स्थिती होती.

कंपनीच्याच एका अंतर्गत गटाने १९९८ साली, टेबलावरील व्यवहार नोंदणाऱ्या भागाची बांधणी निकृष्ट असल्याचा अहवाल दिला. तो भाग नव्याने लिहावा की काय, असा विचारही झाला. पण तो लिहिला गेला नाही. मे १९९९ मध्ये सरकारने भत्त्याच्या कार्डाची योजनाच रद्द केली. ज्या कामासाठी मुख्यतः अभ्यास झाला होता ते काम गळाले, आणि उरलेल्या टपाल हिशेबासाठी नवा करार करून तीच प्रणाली पुढे नेण्यात आली. तिचे नाव 'होरायझन'. स्वीकृतीच्या वेळी हिशेब न जुळण्याच्या तक्रारी पटलावर होत्या. तरीही सप्टेंबर १९९९ मध्ये, पुढे दुरुस्ती होईल या अटीवर, ती स्वीकारली गेली.

आता वाचकांनी जुन्या व नव्या पद्धतीतील एका लहानशा फरकाकडे लक्ष द्यावे. या पाठाचे मर्म तेथे आहे. हिशेबात तफावत आली व पोस्टमास्तरास ती मान्य नसली, तर ती रक्कम तात्पुरत्या 'अनिश्चित' खात्यात ठेवण्याची सोय त्याच्याकडे होती. रक्कम वादात आहे, एवढेच हे खाते सांगत असे. आपल्या हजेरीपटातील किंवा साठा नोंदवहीतील शेऱ्याचा रकाना याच कामाचा. २००५ साली हिशेबाची पद्धत बदलताना टपालघरांकडून ही सोय काढून घेण्यात आली. मुदतीअखेर पोस्टमास्तरापुढे दोनच वाटा उरल्या. तफावत स्वतः भरावयाची, किंवा ती पुढे सावकाश भरीन असे मान्य करावयाचे. काही केले नाही तर नवा हिशेब सुरू होत नसे, आणि दुकान उघडता येत नसे. 'मला हे मान्य नाही' असे सांगण्यासाठी पडद्यावर जागाच ठेवलेली नव्हती. ज्याने प्रत्यक्ष टेबलामागे बसणाऱ्या माणसाचे काम पाहिले असते, त्याला ही उणीव कळली नसती काय?

इकडे पोस्टमास्तराचा स्वतःचा करार निराळाच होता. त्यातील एका कलमाप्रमाणे त्याच्या हयगयीने, निष्काळजीपणाने वा चुकीने झालेल्या तुटीस तो जबाबदार होता. खात्याने त्याचा अर्थ असा लावला की, यंत्राने दाखविलेली प्रत्येक तूट त्याचीच. एका करारात यंत्राची तपासणी कच्ची राहिली, आणि तिचा भार दुसऱ्या कराराने ज्याचा यंत्राशी काही संबंध नव्हता त्याच्या खांद्यावर ठेवला. दोन्ही करारनामे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र. परंतु गावच्या टेबलावर ते एकत्र आले.

मूळ नोंदीच्या कलमाचीही हीच गत. प्रणालीने दिलेली माहिती न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य ठरेल अशी असावी, हे कंपनीवर बंधनकारक होते. म्हणजे खटले होतील हे पहिल्यापासून गृहीत होते! पण सविस्तर मूळ नोंदी मागविण्याची सोय वर्षास ठराविक मागण्यांपुरती होती. त्यापुढे जादा आकार पडे. ही सोयही खात्याची, पोस्टमास्तराची नव्हे. त्यातच २००० सालापासून, संगणकाची नोंद पुराव्यात देताना संगणक नीट चालत होता हे आधी सिद्ध करण्याची अट तेथील कायद्यातून निघून गेली, आणि उलट सिद्ध होईपर्यंत यंत्र बरोबर असे गृहीत धरले जाऊ लागले. आपल्याकडे संगणकीय नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट आहे. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने यंत्राचे अंतरंग पाहिलेले असते काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडेही विचारण्याजोगा आहे.

परिणाम काय झाला, तो थोडक्यात सांगतो. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक पोस्टमास्तर चोरी, अफरातफर वा खोट्या हिशेबाच्या आरोपाखाली दोषी ठरले. त्यांतील सुमारे ७०० खटले टपाल कंपनीने स्वतःच चालविले होते. अनेकांनी घर गहाण ठेवून, नातलगांकडून उसने घेऊन, मुळात नसलेली तूट भरली. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० साली गरोदरपणी तुरुंगात जावे लागले. त्यांची शिक्षा २०२१ साली रद्द झाली. वेल्समधील एक पोस्टमास्तर अ‍ॅलन बेट्स यांनी तूट मान्य करण्याचे नाकारले, म्हणून २००३ साली त्यांचा करार संपविण्यात आला. पुढे ५५५ जणांनी त्यांच्या पुढाकाराने दावा लावला. २०१९ सालच्या निकालांत न्यायालयाने सांगितले की, प्रारंभीची प्रणाली भरवशाची नव्हती, तिच्यातील दोषांमुळे टपालघरांच्या हिशेबात खोटी तूट येऊ शकत होती, आणि कंपनीची माणसे दुरून नोंदीत बदल करू शकत होती. वादातील रकमेखाली पोस्टमास्तराची सही आहे, एवढ्यावरून त्याने ती मान्य केली असे धरता येत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. तडजोडीत ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड मिळाले. त्यातील बहुतेक रक्कम दाव्याच्या खर्चात गेली. अखेर मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. या प्रकरणापायी निदान १३ जणांनी आत्महत्या केली असावी, असे चौकशीच्या जुलै २०२५ च्या अहवालात नमूद आहे.

करारनामे लिहिणे हे आपले काम नव्हे, हे खरे. ते मंत्रालयात किंवा त्याहून दूर लिहिले जातात. परंतु अभ्यासाचे कलम पाळले गेले, तर त्या कलमाचा एक टोकाचा धागा शाळेपर्यंत येतोच. केव्हा तरी एखादा विश्लेषक किंवा प्रश्नावली घेऊन आलेला तरुण मुख्याध्यापकांच्या समोर बसतो आणि विचारतो, 'आपण हे काम कसे करता?' आपण त्या वेळी जे सांगतो ते गरजपत्रकात जाते, आणि जे सांगत नाही त्यासाठी पडद्यावर जागा राहत नाही. आपल्या मंडळींची सवय अशी की, अधिकृत वाटणाऱ्या माणसाला नियमात लिहिलेली रीत सांगावयाची, प्रत्यक्षातील नव्हे. 'पोते आले, नोंद केली, शिजविले.' वाक्य सुरेख आहे. पण त्यावर उभी राहिलेली प्रणाली आपल्याच अंगावर येते.

समजा, तांदळाच्या पोत्यावर ५० किलो छापले आहे, आणि काट्यावर ते ४८ भरले. मुख्याध्यापक नोंदवहीत शेरा लिहितात, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात. प्रणालीत मात्र 'प्राप्त' पुढे छापील वजनच उतरणार असेल, तर महिनाअखेर साठा जुळणार नाही, आणि दोन किलोचे उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागेल. किंवा ऊसतोडीला गेलेल्या घरातील मूल घ्या. दिवाळीनंतर ते आई-बापांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात जाते, पाडव्याच्या सुमारास परत येते. हजेरीपटात आपण 'स्थलांतरित' असा शेरा मारतो व नाव ठेवतो. जेथे केवळ 'हजर' व 'गैरहजर' एवढीच दोन घरे असतील, तेथे ते मूल सतत गैरहजर, आणि काही महिन्यांनी शाळाबाह्य ठरेल. मग परतल्यावर त्याचे नाव पुन्हा घालण्यासाठी गुरुजींना तालुक्याच्या खेपा घालाव्या लागतील. यात लबाडी कोणाचीच नसते. पाहणी करणाऱ्याला ते मूल कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

म्हणून विचारावयास आलेल्या माणसास नेहमीचे काम दोन वाक्यांत सांगावे, आणि उरलेला वेळ अडलेल्या प्रसंगांसाठी द्यावा. वीज नसलेला दिवस, रजेवरील शिक्षकाचा वर्ग, दोन शाळांत नाव असलेले मूल, चुकून पडलेली व दुसऱ्या दिवशी खोडलेली नोंद, हे प्रसंग तारखांसह सांगावेत. चुकीची नोंद दुरुस्त कोण करील, आणि दुरुस्तीपूर्वीची नोंद कोठे दिसेल, हे आपण उलट विचारावे. त्याने लिहून घेतलेल्या टिपणाची प्रत मागावी, व ती वाचूनच सही करावी. प्रत देण्यास त्याची हरकत असेल, तर तसे गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. उद्धटपणा म्हणून हे करावयाचे नाही. चांगल्या विश्लेषकाला अशा उत्तरांनी आनंदच होतो, कारण घरी बसून त्याला ती सुचली नसती.

येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत या पाठासाठी एक तास राखून ठेवावा. प्रत्येक मुख्याध्यापकांनी मागील दोन वर्षांचे हजेरीपट व पोषण आहाराची साठा नोंदवही बरोबर आणावी, आणि त्यांतील केवळ शेऱ्याचा रकाना कोऱ्या कागदावर उतरवून काढावा. एकाच प्रकारचे शेरे एकत्र करून, असा प्रसंग वर्षात किती वेळा आला, ती संख्या त्यासमोर मांडावी. केंद्रप्रमुखांनी सर्व शाळांची एकत्रित यादी करून तिची एक प्रत गटसाधन केंद्रात ठेवावी, म्हणजे पाहणीस कोणी आले असता ती त्यांच्या हाती देता येईल.