आरमारातला शिपाई काय घेऊन लढे?

आपल्या किहीमच्या किनाऱ्यावर उभे राहिले की थळच्या बाजूला समुद्रात दोन बेटे दिसतात. ती खांदेरी व उंदेरी. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकुमाने मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर कोट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना ते खपले नाही. त्यांनी जहाजे आणून वेढा घातला.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी नागावच्या खाडीतून मराठी आरमार निघाले. ते इतक्या वेगाने आले की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळेना! त्यांचे 'डव्ह' हे गुराब मराठ्यांनी पकडले. 'रिव्हेंज' हे जहाज मात्र लढत राहिले. पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आता शिपायाकडे पाहू. जमिनीवर लढणारे सरदार चिलखत व शिरस्त्राण घालीत. चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचा अंगरखा. तो वार अडवतो खरा, पण तो घातलेला माणूस पाण्यात पडला तर? सरळ तळाला जाणार! म्हणून समुद्रावर हलका साज बरा.

हत्यारे अशी :
१) तलवार व ढाल – शत्रूच्या जहाजावर उडी मारल्यावर हातघाईसाठी.
२) भाला – दुरून भोसकण्यासाठी.
३) तोड्याची बंदूक – हिचा तोडा, म्हणजे जळती दोरी, भिजली की बंदूक मुकी. म्हणून दारू व तोडा कोरडा ठेवणे महत्त्वाचे.
४) तोफा – गुराबावर मोठ्या, गलबतावर लहान.

पुढे कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याच्या आरमारात गलबताला ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत.

ग्रीस देशातही असेच होते. सुमारे २५०० वर्षांपूर्वी अथेन्सच्या एका युद्धनौकेवर १७० वल्हेकरी असत. शिरस्त्राण, ढाल व भाला घेतलेले शिपाई साधारण १० आणि तिरंदाज ४ च! म्हणजे लढाईचा खरा भार वल्हेकऱ्यांच्या दंडावर.

जुलै २०२५ मध्ये खांदेरी किल्ला जागतिक वारसा यादीत आला. सरदारांची नावे पुस्तकात आहेत. वल्हे मारणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण वल्हे, सुकाणू, डोलकाठी हे त्यांचे शब्द आपल्या घरात अजून आहेत. आजोबांना विचारून असे दहा शब्द वहीत लिहून आणा बरं!