ऑपरेशनचा आकडा आणि पाच वर्षांचा हिशेब

उंची पाच फूट तीन इंच, वजन 85 किलो. साखर दोन गोळ्यांनीही आवरत नाही, गुडघे जिना चढू देत नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या अशा एखाद्या चाळिशीतल्या ताईंना डॉक्टर सांगतात, ‘वजनाचे ऑपरेशन करता येईल.’ विमा कंपनी कळवते, ‘पैसे मिळणार नाहीत.’ दोघेही आपापल्या नियमाने बरोबर असतात, आणि ताईंना हे बहुतेक वेळा तपासण्यांवर पंधरा-वीस हजार खर्च झाल्यावर कळते. म्हणून सुरुवात या दोन मापांपासून करू.

वजनाला (किलोत) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. उंची 160 सेंटिमीटर असेल तर 70 किलोला तो 27.5 च्या आसपास येतो, 90 किलोला 35 आणि 102 किलोला 40. भारतीय माणसाच्या पोटावर चरबी लवकर साठते आणि मधुमेहही कमी वजनाला गाठतो. त्यामुळे आपल्याकडचे शल्यचिकित्सक बरीच वर्षे 37.5, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास 32.5, ही मर्यादा धरत आले. 2022 मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली व दुसरी आंतरराष्ट्रीय, आशियाई रुग्णांना 27.5 पासूनच हा पर्याय सुचवावा असे सांगितले.

विम्याचे माप वेगळे आहे. विमा नियामकाने (आयआरडीएआय) 2019 साली सर्व आरोग्य पॉलिसींसाठी एकच मजकूर ठरवून दिला. वय 18 पूर्ण हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय 40 किंवा अधिक हवा. तो 35 असेल तर सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक हवा: आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, हृदयधमन्यांचा विकार किंवा लठ्ठपणातून आलेला हृदयस्नायूंचा विकार. शिवाय आधी सौम्य उपाय करून ते फसल्याची नोंद हवी. वरच्या ताईंचा बीएमआय 33 येतो. डॉक्टरांच्या मापात त्या बसतात, विम्याच्या मापात नाहीत.

यातला नोंदीचा मुद्दा लोक विसरतात. आहारतज्ज्ञांकडे गेलात, औषधे घेतली, सहा महिने चालायला गेलात, तर प्रत्येक वेळी तारखेसह वजन लिहिलेला कागद मागून घ्या. पुढे हेच कागद दावा वाचवतात. पॉलिसीतला प्रतीक्षा काळही पाहा. काही पॉलिसींत या ऑपरेशनसाठी तो तीन वर्षांपर्यंत असतो. पूर्वपरवानगी लेखी मिळाल्याशिवाय दाखल होऊ नका. नकार आला तर कोणत्या कलमाखाली आला ते लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

पिवळे, केशरी वा पांढरे रेशनकार्ड असलेल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. ‘योजनेत होऊन जाईल’ या तोंडी शब्दावर विसंबू नये. तुमच्या ऑपरेशनचा नेमका कोड योजनेच्या यादीत आहे का, हे दाखवायला सांगावे.

आता ऑपरेशन म्हणजे काय. गावाकडे याला सर्रास ‘चरबी काढायचे ऑपरेशन’ म्हणतात आणि त्यातून मोठा गैरसमज होतो. यात चरबी काढत नाहीत. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा कापून काढतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी नळी राहते. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात आणि रुग्णालयात साधारण दोन ते चार दिवस राहावे लागते. आधीच जळजळ, आंबट ढेकर यांचा जुना त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो. मधुमेह जुना असेल तर बायपासचा विचार होतो. कोणते करायचे हे एंडोस्कोपीनंतर ठरावे, पॅकेजच्या किमतीवरून नव्हे.

विदर्भात हे ऑपरेशन घराघरांत माहीत झाले ते सप्टेंबर 2011 मध्ये, नितीन गडकरींनी मुंबईत ते करून घेतले तेव्हा. त्यानंतर वजन कमी झालेला माणूस लोकांनी टीव्हीवर वर्षानुवर्षे पाहिला. पण टीव्हीवर गोळ्यांचा डबा आणि रक्ततपासणीचे बिल दिसत नाही. या लेखाचा खरा विषय तोच आहे.

बिलात काय असते

खासगी रुग्णालयात स्लीव्हचा खर्च ढोबळमानाने अडीच ते चार लाख आणि बायपासचा तीन ते पाच लाख धरून चाला. यातला मोठा वाटा स्टेपलरचा असतो. जठर कापताना त्याच वेळी टाके घालणाऱ्या या यंत्राची काडतुसे एका ऑपरेशनला पाच-सात लागतात आणि ती एकदाच वापरायची असतात. कोणत्या कंपनीची, किती आणि किती किमतीची काडतुसे पॅकेजमध्ये धरली आहेत हे विचारा. एखादे जास्त लागले तर त्याचे पैसे वेगळे का, हेही विचारा. दोन रुग्णालयांच्या आकड्यांत पन्नास हजारांचा फरक दिसला की तो अनेकदा इथेच असतो.

पॅकेजबाहेर सहसा ऑपरेशनपूर्व तपासण्या असतात (एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टू-डी एको, थायरॉइड, कधी झोपेची तपासणी), तसेच आधीच्या दोन आठवड्यांचा प्रथिनांचा आहार आणि एखादा दिवस अतिदक्षता विभागात वाढला तर त्याचे भाडे. खोली निवडतानाही सांभाळा. दिवसाला 5,000 रुपयांवरच्या खोलीला जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी लागतो. विम्यातल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांच्या फीसह इतर बाबींचीही रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ते वाचण्यात संकोच नको.

पुढची पाच वर्षे

नवे पोट कमी अन्न घेते आणि बायपासनंतर शोषतेही कमी. म्हणून मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह आणि बी-12 या गोळ्या सुरू होतात त्या जन्मभरासाठी. महिन्याला एक ते दोन हजार धरले तर पाच वर्षांचे साठ हजार ते एक लाख वीस हजार होतात. रक्ततपासण्या पहिल्या वर्षी तीन-चार वेळा आणि नंतर दर वर्षी. त्यावर प्रवास, आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. हा खर्च ऑपरेशनच्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत सहज जातो आणि विमा त्यातले फारच थोडे देतो. वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढायची झाल्यास ती बहुतेक पॉलिसींत सौंदर्योपचार ठरते. तो खर्च पूर्ण खिशातून.

एका ठिकाणी मात्र वाचवता येते. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. सुरुवातीचे आठवडे पावडरचा डबा घ्यावाच लागतो. पुढे तो आयुष्यभर घेण्याची गरज नाही. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, आणि आपल्याच शेतातल्या सोयाबीनच्या वड्यांत, कोरड्या मोजल्या तर, शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅम प्रथिने असतात. घट्ट मुगाचे वरण, दही, पाटवडी हे सगळे चालते. फक्त तर्री नको. ताटात आधी प्रथिने, मग भाजी, भाकरीचा चतकोर शेवटी. गोरसपाकाच्या गोड बिस्किटांचा पुडा घरात आला तर त्यातला एक तुकडा पाहुण्यासारखा घ्यावा. बायपासनंतर गोड जास्त झाले की घाम, धडधड आणि जुलाब होतात.

जेवताना पाणी पिऊ नये. आधी आणि नंतर अर्धा तास सोडावा. पण दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी घोट घोट जायलाच हवे. इथे वर्ध्याचा उन्हाळा आडवा येतो. पारा 45 च्या वर चढतो तेव्हा घोटाने पाणी पिणाऱ्या माणसाला शरीरातले पाणी कमी पडून पुन्हा दाखल व्हावे लागते. माझे स्पष्ट मत आहे की तब्येत थांबू देत असेल तर एप्रिल-मे टाळावा आणि दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ निवडावा. तेव्हा कापूस वेचणी चालू असते हे खरे. पण बसून काम करणारा दोन-तीन आठवड्यांत कामावर जातो. पोती उचलणाऱ्याला सहा आठवडे थांबावेच लागते. त्या काळातल्या बदली मजुराची मजुरीही हिशेबात धरा.

अनुभवी हातांत या ऑपरेशनचा जिवाचा धोका पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका कमी आहे, पण शून्य नाही. पहिल्या महिन्यात नाडी 120 च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणे, धाप, पोटरीला सूज, न थांबणारी उलटी यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. आष्टी किंवा कारंजाहून रात्री नागपूरला पोहोचायला किती वेळ लागतो याचा विचार ऑपरेशनच्या आधी करा. त्यासाठीच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय लक्षात ठेवा. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. ऑपरेशनपूर्वीचे दुसरे मत आणि नंतरच्या रक्ततपासण्या यांसाठी दर वेळी नागपूरला जायची गरज नाही. तिथल्या शल्यचिकित्सा विभागात हे ऑपरेशन होते का, वर्षाला किती होतात, हेही थेट विचारा. एकेकाळी सेवाग्रामच्या रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. पैशाचा प्रश्न तिथे विचारायला लाज वाटू नये.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. बाळंतपण दीड वर्ष पुढे ढकलावे. बायपासनंतर केवळ गर्भनिरोधक गोळीवर अवलंबून राहू नये. अंगदुखीला दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू, विडी यांनी बायपासच्या जोडावर जखम होते. आपला जिल्हा दारूबंदीचा असला तरी दारू मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑपरेशननंतर ती लवकर चढते आणि सवयही लवकर लागते.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी, कारण सगळे विचारतात. टिर्झेपटाइड भारतात मार्च 2025 मध्ये आले, तेव्हा महिन्याचा खर्च चौदा ते साडेसतरा हजार होता. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च 2026 पर्यंतचे, म्हणजे स्वस्त पर्यायांची वाट तिथून मोकळी होते. बीएमआय 30 च्या आसपास असेल तर डॉक्टरांशी आधी याबद्दल बोला. मात्र औषध बंद केल्यावर वजन बऱ्याच जणांचे परत चढते, हे धरूनच महिन्यांचा गुणाकार करा.

माझा निवाडा असा: बीएमआय 35 च्या वर आणि मधुमेह असेल, घरात गोळ्या आणि तपासण्यांसाठी दर वर्षी वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवता येत असतील, तर ऑपरेशन करावे आणि फार लांबवू नये. ऑपरेशनसाठी कर्ज काढून पुढच्या गोळ्यांना पैसे उरणार नसतील, तर आज करू नये.

दाखल होण्याआधी चार गोष्टी रुग्णालयाच्या कागदावर, सहीशिक्क्यासह मागा: काडतुसांची संख्या व किंमत, पॅकेजमध्ये काय नाही त्याची यादी, गुंतागुंत झाल्यास पुन्हा दाखल होण्याचा खर्च कोणाचा, आणि पहिल्या वर्षीच्या भेटींची फी. डिस्चार्जनंतर संपूर्ण नोंदींची प्रत मागितल्यास ती 72 तासांत द्यावी लागते. बिलाबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. या चार गोष्टींचा कागद हातात पडेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.