युक्त म्हणजे किती? (गीता, अध्याय 6, श्लोक 16 आणि 17)



आजचे दोन श्लोक आपण जेवणाखाण्याचे म्हणून पटकन ओलांडतो. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, झोपेचंही तसंच. पुढच्या श्लोकात भगवंत एकच विशेषण पुन्हा पुन्हा लावतात: युक्त. आहार युक्त, विहार युक्त, कर्मातली धडपड युक्त, झोप आणि जागणं युक्त.

हा शब्द 'युज्' या धातूचा. युज् म्हणजे जोडणं, जुंपणं. 'योग' त्याच घरातला, आणि बैलांच्या मानेवरचं आपलं 'जू'सुद्धा (मूळ शब्द युग). पण इथे युक्तचा अर्थ 'बेताचा' असा होतो. शंकराचार्यही भाष्यात तो ठरलेल्या मापाचा असाच लावतात. म्हणजे एकाच शब्दात जोडणंही आहे आणि मापही आहे. नुसतं जोडलं, माप पाहिलं नाही, तर काय होतं? गेले तीन आठवडे मी अगदी हेच बघतोय, आणि तेही व्हिडिओ कॉलवर.

माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो. जूनमध्ये आत्या आणि आतोबा सांगलीहून त्याच्याकडे जाणार आहेत. या वयात रोज नवं हॉटेल आणि बाहेरचं खाणं त्यांना जमत नाही, म्हणून दादाने फिफ्थ-व्हील कॅम्पर घ्यायचं ठरवलं. म्हणजे चाकांवरचं घरच: स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी, सगळं. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या गोळ्याला अडकतो. हा तसा नाही. याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर येतो आणि त्याखालचा जाड खिळा, म्हणजे किंगपिन, हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकतो. दादाकडे 2500 वर्गातला डिझेल पिकअप आहे. विक्रेता म्हणाला, "साहेब, हा ट्रक 16,000 पौंड ओढतो, कॅम्पर तर भरून 14,000 चा. डोळे मिटून घ्या."

ओढतो, हे खरंच आहे. या डिझेल इंजिनांच्या ताकदीबद्दल वादच नाही. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. बैलगाडी हाकलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा. ओझं आसाच्या फार पुढे भरलं तर ते बैलांच्या मानेवर येतं, फार मागे भरलं तर गाडी उलाळते. फिफ्थ-व्हीलमध्येही तेच गणित. त्याच्या वजनाचा साधारण 15 ते 25 टक्के भाग किंगपिनवाटे ट्रकच्या पाठीवर येतो, बाकीचा कॅम्परची स्वतःची चाकं उचलतात. 14,000 चे 20 टक्के धरले तर 2,800 पौंड, म्हणजे जवळजवळ 1,270 किलो.

आता ट्रकची पाठ किती घेते? हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात कधीच नसतं. ते ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर असतं: माणसं आणि सामान मिळून याच्यावर जाऊ नका. मी दादाला म्हटलं, "आधी दार उघड आणि फोटो पाठव." आकडा निघाला 2,300 पौंड. (डिझेल इंजिन स्वतःच इतकं जड असतं की, ताकद वाढते पण पाठीवरची जागा कमी होते. मला हे फार बोलकं वाटलं.) मग बेरीज केली: किंगपिनचे 2,800, पाच माणसांचे सुमारे 700, हिचचे 200, हौद्यातल्या सामानाचे 100. एकूण 3,800. ओढण्याच्या हिशेबात 2,000 पौंड शिल्लक, आणि पाठीच्या हिशेबात 1,500 पौंड जास्त! दोन्ही आकडे खरे, त्याच ट्रकचे.

विक्रेत्याने दाखवलेला किंगपिनचा आकडा कमी होता, कारण तो रिकाम्या कॅम्परचा होता. पाणी, गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, भांडीकुंडी काहीच धरलेलं नव्हतं. नुसतं 60 गॅलन पाणी भरलं तरी 500 पौंड वाढतात.

माझी भीती उताराची होती. दादाला आय-70 वरून पश्चिमेला जायचं होतं. आयझेनहॉवर बोगदा सुमारे 11,000 फुटांवर आहे आणि तो संपला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी तिथे वेगळे चढाचे रस्ते बांधलेत, यावरूनच काय ते समजा. तिथे ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नसतं. ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. उतार लागायच्या आधीच वेग कमी करायचा, खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि पायाचा ब्रेक मधूनमधून दाबून सोडायचा. कॅम्परला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात. ते ट्रकमधून नीट लागताहेत का, हे सपाट जागेवर आधी बघायचं.

जोडणीचीही परीक्षा असते. जबडा बंद झाल्यासारखा दिसतो, पण कधी खिळा वरच टेकलेला असतो. म्हणून टॉर्च घेऊन वाकून बघायचं. मग कॅम्परचे पाय जमिनीला टेकलेले असतानाच त्याचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून बघायचा. सुटायचं असेल तर तिथेच सुटू दे.

आणि फार कमी भारही चालत नाही, बरं का! किंगपिनवर 15 टक्क्यांहून कमी आलं तर कॅम्पर मागे झुलायला लागतो. सोळाव्या श्लोकातली दोन्ही टोकं इथे आहेत. त्याच श्लोकाच्या भाष्यात आचार्य पोटाचा हिशेबही देतात: अर्धं अन्नाला, तिसरा भाग पाण्याला, चौथा वाऱ्यासाठी मोकळा. मोकळी जागाही मापातच मोजलीय!

शेवटी दादा सगळ्यांचं वजन धरून, टाकी भरून ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गेला. तिथे प्रत्येक आसाचं वजन वेगळं छापून मिळतं. ट्रक भरला 8,400. मान्य वजन 10,000. हिच वजा जाता किंगपिनसाठी उरले 1,400, म्हणजे भरलेला कॅम्पर फार तर 7,000 पौंडांचा. नाहीतर मागे जोडचाकं असलेला 3500 वर्गातला ट्रक घ्यायचा. दोन दिवस दादा गप्प होता. "एवढं कोण बघतं रे?" असंही म्हणाला. मी म्हटलं, "दादा, मागच्या सीटवर आत्या बसणार आहे."

मग वहिनीने तिसराच मार्ग काढला. कॅम्पर भाड्याने घ्यायचा. मालक स्वतः तो कॅम्पग्राउंडवर आणून उभा करणार, नेणारही तोच. ट्रकमधून फक्त माणसं आणि डबे. आत्याने काल एवढंच विचारलं की तिथल्या शेगडीवर एकादशीची भगर नीट शिजेल ना.

उद्या श्लोक 18. तोवर कमेंटमध्ये लिहा: तुमच्या दाराच्या चौकटीवर कोणता आकडा आहे?