नाना आणि हाची : एका टोपणनावात दडलेली गोष्ट



फळ्यावर 'नाना' हा शब्द लिहिला तर तुमच्या डोळ्यांसमोर कोण येईल? घरातले थोरले काका, इतिहासाच्या पुस्तकातले नाना फडणवीस, नाहीतर पडद्यावरचे नाना पाटेकर! आपल्याकडे नाना म्हटलं की पुरुषच. पण जपानी भाषेत 'नाना' म्हणजे सात, आणि तिथे हे मुलीचं नावही असतं. आज आपण याच नावाच्या एका गाजलेल्या जपानी चित्रकथेची ओळख करून घेणार आहोत. गोष्टीत नावं कशी काम करतात, निवेदक कुणाशी बोलतो, हे तिच्यावरून फार छान समजतं.

(एक सूचना : ही कथा मोठ्या मुलांसाठी आहे. शिवाय पुढे कथेतल्या महत्त्वाच्या घटना सांगितल्या आहेत.)

थोडी ओळख

जपानमध्ये चित्रकथेला 'मांगा' म्हणतात. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. 'नाना' ही मालिका आइ याझावा या लेखिका-चित्रकर्तीची. ती २००० पासून 'कुकी' या मासिकात क्रमशः येऊ लागली. तरुण मुली हा या मासिकाचा मुख्य वाचकवर्ग. मालिकेची २१ पुस्तकं निघाली, तिला शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला, २००५ मध्ये चित्रपट आला आणि २००६-०७ मध्ये दूरदर्शन मालिकाही झाली.

कथा काय आहे?

नाना कोमात्सु आणि नाना ओसाकी. दोघी वीस वर्षांच्या. टोकियोला जाणाऱ्या गाडीत त्या शेजारी बसतात. बर्फामुळे गाडी अडकते आणि गप्पा सुरू होतात. नाव एक, वय एक. बाकी सगळं उलटं.

कोमात्सु चालली आहे तिचा मित्र शोजी तिथे शिकतो म्हणून. घर सुखी, स्वभाव लाघवी, पण कुणाचा तरी आधार असल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ओसाकी गायिका आहे. तिला लहानपणीच आई सोडून गेली, आजीनं वाढवलं. ती निघाली आहे गिटार घेऊन, स्वतःच्या बळावर रॉक गायिका व्हायला. तिचा प्रियकर रेन आधीच टोकियोला जाऊन 'ट्रॅपनेस्ट' या प्रसिद्ध बँडमध्ये गिटार वाजवतो आहे. तेव्हा ती त्याच्यामागे गेली नाही. कुणाची तरी मैत्रीण म्हणून जगायचं तिला मान्य नव्हतं.

टोकियोत दोघी योगायोगानं एकच घर बघायला येतात आणि ते मिळून भाड्यानं घेतात. सातवा मजला, खोली क्रमांक ७०७, लिफ्ट नाही! सात हा आकडा कथेत कसा पुन्हापुन्हा येतो बघा.

मुख्य मुद्दा : टोपणनाव

एका घरात दोन नाना. हाक कुणाला मारायची? मग ओसाकी कोमात्सुला नवं नाव देते, 'हाची'.

का बरं? एक तर जपानीत 'हाची' म्हणजे आठ. सातानंतर आठ! पण खरं कारण वेगळं आहे. ही मुलगी भेटेल त्याला जीव लावते, अगदी कुत्र्याच्या पिल्लासारखी. आणि जपानमध्ये कुत्रा म्हटलं की आठवतो हाचिको.

हाचिको कोण? टोकियोतले प्राध्यापक उएनो यांचा अकिता जातीचा कुत्रा. मालक घरी यायच्या वेळी तो शिबुया स्टेशनवर जायचा. मे १९२५ मध्ये प्राध्यापकांचं निधन झालं. तरीही हाचिको मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षं, स्टेशनवर येत राहिला. तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये, तिथे त्याचा पुतळा उभारला गेला. तो युद्धकाळात वितळवला गेला, म्हणून १९४८ मध्ये नवा बसवला. आजही लोक भेटायचं ठिकाण म्हणून त्या पुतळ्याचीच खूण सांगतात.

म्हणजे हाची हे नाव गमतीनं ठेवलं, पण त्यात 'परत न येणाऱ्या माणसाची वाट पाहणारा जीव' हा अर्थ आधीपासूनच दडलेला आहे. पुढे घडणाऱ्या गोष्टीची चाहूल आधीच, न सांगता देणं, याला पूर्वसूचन म्हणतात. पहिल्यांदा वाचताना आपण त्या नावाला हसतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हसू येत नाही.

मग घडतं काय?

शोजी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. हाची कोलमडते. तेव्हा तिला सावरते नाना. इकडे नानाचा 'ब्लॅक स्टोन्स' हा बँड वर येऊ लागतो, रेनशी पुन्हा जुळतं. नंतर हाचीला ट्रॅपनेस्टच्या ताकुमीकडून ओढ वाटते, आणि नानाच्या बँडमधल्या नोबूवर तिचं प्रेमही बसतं. अशातच तिला दिवस जातात. मूल कुणाचं हे तिलाच नक्की ठाऊक नसतं. जबाबदारी घ्यायला ताकुमी पुढे येतो आणि हाची ७०७ सोडून त्याच्याकडे जाते.

आता नीट लक्ष द्या. या सगळ्यात दोघी एकमेकींना मनातलं सांगतच नाहीत. हाचीला वाटतं, मी नानाला दुखावलंय, आता कुठल्या तोंडानं बोलू? आणि नाना? सगळ्यांना कणखर वाटणाऱ्या नानाचा श्वास ताणामुळे कोंडतो. हाची आपल्यापासून दूर जाईल या भीतीनं ती आतून पोखरली जाते, पण हे तिला सांगत नाही. पुढे रेनचा अपघाती मृत्यू होतो. त्यानंतर नाना निघून जाते.

काही वर्षांनंतरचे प्रसंग कथेत अधूनमधून येतात. त्यात हाची आई झालेली आहे. जुने मित्र पुन्हा ७०७ मध्ये जमतात आणि नानाची वाट पाहतात. टोपणनाव खरं झालं!

निवेदन कुणाला उद्देशून?

ही कथा हाची सांगते, पण वाचकाला नाही. ती नानाला सांगते. मनातल्या मनात तिला हाक मारून, मागच्या दिवसांची आठवण काढत. म्हणूनच सुरुवातीच्या आनंदाच्या प्रसंगांतही हुरहूर जाणवते. पुढे नानाचं मनोगतही येतं, आणि ते हाचीला उद्देशून असतं. म्हणजे दोघी सतत एकमेकींशीच बोलताहेत, आणि दोघींपर्यंत ते पोहोचत नाही. ते ऐकू येतं फक्त आपल्याला, वाचकांना. प्रेमकथा, गाणी, बँड हे सगळं आहेच; पण कथेचं काळीज आहे ते हे न पोहोचलेलं बोलणं.

अपुरी गोष्ट

२००९ मध्ये याझावा आजारी पडल्या आणि मालिका थांबली. ती अजून पूर्ण झालेली नाही. त्यामुळे जगभरचे वाचकही आता हाचीसारखेच वाट पाहतात. शेवट नसलेली गोष्ट वाचायची कशाला, असं तुम्ही विचाराल. पण शेवट कळला नाही म्हणून जे कळलं ते खोटं ठरत नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण बारावीनंतर हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहाल. तिथे कुणीतरी जिवाभावाचं भेटेल, एखादं चिडवायचं नावही ठेवेल. त्या माणसाला जे सांगायचं असेल ते समोर असतानाच सांगा. हाचिको बोलू शकत नव्हता. आपण बोलू शकतो.

विचार करा आणि लिहा

१. दोन्ही नायिकांचं नाव एकच ठेवल्यानं कथेत काय साधलं?
२. 'हाची' या टोपणनावातलं पूर्वसूचन तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. नाना कणखर आणि हाची दुबळी, हे तुम्हाला पटतं का? कारणं द्या.
४. दूर गेलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला सांगायचं राहून गेलेलं दहा ओळींत लिहा. शक्य असेल तर ते खरोखर पाठवा.