आमची मनी प्लांटची वेल पिवळी का पडली?

आमच्या वर्गाच्या दाराशी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात मनी प्लांटची वेल आहे. आम्ही पहिलीत होतो तेव्हा बाईंनी एक फांदी आणून लावली. चोरून आणली तरच पैसा येतो असं लोक म्हणतात, पण बाईंनी मागून आणली होती. वेल खिडकीच्या गजांवरून पार वरपर्यंत गेली होती. या पावसाळ्यात तिची पानं पिवळी पडू लागली. आधी खालची, मग मधली. रोज सकाळी दोन-तीन पानं गळलेली दिसत.

आम्हाला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी तर खिचडी खाऊन झाली की बाटलीतलं उरलेलं पाणी रोज तिलाच ओतायची. नंतर कळलं, वर्गातली सगळीच जणं तसं करत होती! आम्ही एकवीस जण आहोत.

बाई म्हणाल्या, "पानं काय बघता? मुळं बघा." शनिवारी डबा आडवा करून आम्ही वेल बाहेर काढली. गटारीसारखा वास आला. बरीच मुळं काळी आणि मऊ झाली होती, ओढलं की साल हातात येई. पांढरी, टणक मुळं थोडीच होती. आणि डब्याला भोकच नव्हतं.

मुळांनाही हवा लागते. मातीच्या बारीक फटींत हवा असते. तिथे सारखं पाणी साचलं की हवा मिळत नाही व मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत. म्हणजे पाण्यात उभी राहूनही वेल तहानलेलीच होती. हे मला आधी पटेना.

मग आम्ही काळी मुळं धुतलेल्या कात्रीने कापली. एकाच्या बाबांनी खिळ्याने डब्याला पाच भोकं पाडून दिली. तळाला फुटक्या कौलाचे तुकडे टाकले. त्यावर लाल माती, वाळू आणि थोडं जुनं शेणखत घातलं. वेल लावली आणि डबा सावलीत ठेवला. आजारी वेलीला जास्त खत घालू नये.

पाणी कमी पडलं तरी पानं लोंबतात, म्हणून नुसतं बघून ओळखता येत नाही. बोट दोन पेरं मातीत घालावं. ओलं लागलं तर पाणी घालायचं नाही.

भर उन्हात ठेवली तर पानांवर करपल्यासारखे तपकिरी डाग पडतात. अंधारात ठेवली तर पिवळे पट्टे कमी होऊन पानं नुसती हिरवी होतात आणि वेल लांबच लांब, उघडी वाढते. देठापाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून काढावा. शेतकरी आई-बाबांना तो ओळखीचा असेल.

ही वेल अळूच्या कुळातली आहे. ती मूळची प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटावरची. कच्च्या अळूसारखी हिची पानंही तोंडात खाजतात, कारण त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून लहान भावंडांना आणि शेळीला हिच्यापासून दूर ठेवा.

वेल जगेल याची खात्री नव्हती, म्हणून चांगल्या फांद्या कापून बाटलीत पाण्यात ठेवल्या. फांदीला पेर हवं, मुळं तिथूनच फुटतात. एकाने नुसतं पान ठेवलं होतं, त्याची वेल झाली नाही. आम्ही दर सोमवारी पाणी बदललं. बाराव्या दिवशी पेराला पांढरं टोक दिसलं तेव्हा आम्ही इतके ओरडलो की दुसरीची मुलं बघायला आली.

पुढच्या वर्षी आम्हाला पाचवीसाठी शेजारच्या गावी जावं लागेल. डबा तिसरीची मुलं सांभाळणार आहेत. त्यांच्याकडून बोट घालून बघायची सवय आत्ताच करून घेतो आहोत. डब्यातल्या वेलीवर पाचच पानं उरली होती. आज सात आहेत, आणि आठवं अजून गुंडाळलेलं आहे.