उपवासाचा राजगिरा रोजच्या ताटात

राजगिरा म्हटले की आपल्याला एकादशी आठवते. लाडू, चिक्की, शिरा यांपुरता तो घरात येतो आणि उपवास सुटला की डबा फडताळात मागे सरकतो. वास्तविक ज्याचा पाला महिन्याभरात भाजीला येतो आणि ज्याचे दाणे चार महिन्यांत हाती लागतात, असे हे झाड केवळ उपवासाच्या खात्यावर टाकणे आपल्या भागाला परवडणारे नाही.

जव्हार-मोखाड्याचे नाव राज्यभर झाले ते १९९२ साली वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. २०१५ पासून गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनाही आली. तरीही पोशेऱ्याकडून माझ्याकडे तपासायला येणाऱ्या गरोदर बाईची खालची पापणी ओढून पाहिली, की पुष्कळदा ती आतून पांढुरकी दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली.

पावसाळ्यात आपल्याकडे रानभाज्यांना तोटा नसतो. टाकळा, कुर्डू, शेवळे अशा भाज्या आलटून पालटून ताटात येतात. दिवाळीनंतर रान वाळते आणि भाजी संपते. मग नाचणीची भाकरी किंवा भात आणि सोबत चटणी. ही पोकळी भरून काढायला परसातला एक वाफा पुष्कळ काम करतो.

दाण्यात काय, पाल्यात काय

राजगिरा, माठ, लाल माठ, तांदुळजा ही सारी एकाच कुळातली भावंडे. राजगिऱ्याचाही कोवळा पाला भाजीला चालतो. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात, तांदळात सुमारे ८. लोह राजगिऱ्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास, तर पांढऱ्या तांदळात एकाहूनही कमी. शिवाय तांदूळ, गहू यांत लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी पडतो. तो राजगिऱ्यात चांगला असतो. म्हणून भात-भाकरीबरोबर थोडा राजगिरा पोटात गेला तर दोन्हींचा उपयोग वाढतो. मात्र नाचणी सोडून राजगिरा खा, असे मी म्हणणार नाही. कॅल्शियममध्ये आपली नाचणी त्याच्या दुप्पट सरस आहे.

माठाच्या पाल्यात कॅल्शियम, लोह, क जीवनसत्त्व आणि डोळ्यांना लागणाऱ्या अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य भरपूर असते.

परसात लावताना

आपली जमीन उताराची, हलकी आणि पाऊस धो धो. सपाट जागेवर टाकलेले बारीक बी वाहून जाते. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करावा, त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला अर्धा चहाचा चमचा बी पुरते. बी मूठभर वाळूत किंवा बारीक मातीत कालवून ओळीने टाकावे आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. खोल गेलेले बी उगवत नाही.

भाजीचा माठ पाण्याची सोय असेल तर केव्हाही टाकता येतो. थोडा थोडा दर पंधरा दिवसांनी टाकला तर भाजी सलग मिळते. दाण्याचा राजगिरा पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावा. रोपे बोटभर झाली की विरळणी करावी. उपटलेली रोपे हीच पहिली भाजी. शेवटी दोन ओळींत दीड फूट आणि दोन झाडांत वीतभर अंतर राहू द्यावे. कणीस दिसू लागले की पाला खुडणे थांबवावे, नाहीतर दाणा भरत नाही.

पाने पिवळी पडून कणसे वाळू लागली की सकाळच्या दवात कापावीत, म्हणजे दाणे गळत नाहीत. वाळवून, झोडपून, सुपाने पाखडावे. काटेमाठ जवळ वाढू देऊ नये. त्याचे काळे बी आपल्या बियाण्यात मिसळते. ज्या घरची माणसे दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात, त्यांनी दाण्याच्या मागे न लागता पाऊस ओसरताच माठ टाकावा.

पाण्यासाठी तांदूळ धुतलेले, भांडी विसळलेले पाणी चालते. मोरीचे साबणाचे किंवा शौचालयाचे पाणी वाफ्यात सोडू नये.

खाण्याची रीत

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. खुरासणीच्या का होईना, थोड्या तेलावर परतावी. तेलाशिवाय अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते. राजगिरा तापलेल्या कढईत चिमूट चिमूट टाकून लाह्या कराव्यात. सहा महिन्यांवरच्या बाळाला लाह्यांचे पीठ पेजेत शिजवून द्यावे, अख्ख्या लाह्या देऊ नयेत.

सावधगिरी

माठात ऑक्झलेट असते. मुतखडा झालेल्यांनी ही भाजी बेताने खावी आणि उकळून पाणी टाकून द्यावे. युरियाचा मारा करू नये. पाल्यात नायट्रेट साठते. पेरणीसाठी औषध लावलेले बी चुकूनही खाऊ नये.

आणि महत्त्वाचे. भाजी हा आहार आहे, औषध नव्हे. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. आपल्या भागात सिकलसेलचा आजारही आहे. फिकेपणा हटत नसेल तर त्याची तपासणी आरोग्य केंद्रात करून घ्यावी.

शेवटची सूचना सासूबाईंना व घरच्या पुरुषांना. वाफ्यातली भाजी कितीही चांगली झाली, तरी सून सर्वांत शेवटी जेवत असेल तर तिच्या वाट्याला पातेल्याचा तळच येतो. तिचे ताट आधी वाढा. तिचे आणि पोटातल्या बाळाचे रक्त तिथूनच वाढणार आहे.